श्रीपती वापरत आहेत

बाबांना जाऊन सेहेचाळीस दिवस झाले होते, आणि कंपनीच्या मेलनुसार या दिवसांत त्यांनी तीनशे बारा तास काम केलं होतं.

मेल सभ्य होता. प्रिय श्रीपती, तुमचा परवाना एका व्यक्तीसाठी आहे. तुम्ही तो कुठूनही वापरू शकता, मात्र तुम्हीच. आमच्या नोंदीनुसार एकाच वेळी तीन ठिकाणांहून वापर होत आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हे थांबलं नाही, तर प्रोग्राम बंद करण्यात येईल.

बाबा जालन्यात मस्तगडला घरांचे, शाळांचे नकाशे काढून देत. नकाशांचा प्रोग्राम त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. मच्छिंद्र शेजारच्या खोलीतून आणि दैवशाला हसनाबादला आपल्या घरून त्याच कॉम्प्युटरमध्ये शिरत आणि काम करत. पडदा ज्याचा त्याचा, पण लॉगिन सगळ्यांचं एकच, बाबांचं. तसं जोडून दिलं होतं दोन दुकानं सोडून बसणाऱ्या प्रितमने. यात काही चूक आहे असं बाबांना कधी वाटलं नाही. रेशनकार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावावर असतं आणि जेवतं सगळं घर, तसं ते होतं.

शुक्रवारी सकाळी संभाजीनगरहून निघून मी साडेदहाला ऑफिसात पोचले. बाबांच्या खुर्चीत बसले, माझा लॅपटॉप उघडला, कॉलेजच्या लायब्ररीचे चार मेल निस्तरले आणि कंपनीला फोन लावला. हा पाचवा फोन होता.

"सुमित बोलतोय. मॅडम, एकदा सरांना लाइनवर देता का?"

"ते वारले. तीन वेळा दाखला पाठवलाय."

"ओह. ऐकून फार वाईट वाटलं." कळा दाबल्याचे आवाज आले. "मग असं करा मॅडम, सरांनी फक्त स्वतः लॉगिन करून संमती द्यायची. दोन मिनिटांचं काम आहे."

मी फोन कानापासून दूर धरला. दारात मच्छिंद्र उभा होता. बावीस वर्षं तो बाबांच्या हाताखाली होता. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडं द्या. मी सायबांच्या आवाजात बोलतो."

"गप बस."

"बोलल्तो एकदा. लाइटबिलासाठी."

सुमितने वरच्या कोणाला तरी विचारलं. वीस मिनिटं मी एकच धून ऐकली. मग उत्तर आलं: सरांच्या नावाने उघडी असलेली सगळी सेशन्स आधी बंद करा. तिन्ही बंद झाली की नाव बदलायचा पर्याय इकडून उघडता येईल. एक नाव, एक माणूस. दुसऱ्याला हवा असेल तर त्याचा परवाना वेगळा.

"आणि पाचनंतर?"

"पाचनंतर ते आपोआप होतं, मॅडम. माझ्या हातात नाही."

सोमवारी पिंपळगाव रेणुकाईच्या वाचनालयाचे नकाशे गावच्या समितीपुढे ठेवायचे होते. बाबांचं ते शेवटचं काम. प्रोग्राम बंद पडला असता तर तेही गेलं असतं आणि बावीस वर्षांच्या फायलीही उघडल्या नसत्या.

मच्छिंद्र आपल्या टेबलावर जाऊन प्रोग्राममधून बाहेर पडला. दैवशालाला फोन केला. ती म्हणाली, "ताई, जिना अर्धा काढून राह्यले. धा मिनिटं थांबा." दहा मिनिटांची पंचेचाळीस झाली. सुमितला फोन लागेपर्यंत तीन वाजत आले.

"एक अजून चालू आहे, मॅडम."

"दोघंही बाहेर पडलेत."

"नोंदीत तिसरं आहे. कालही होतं. दीड महिना रोज आहे."

मग माझा तोल गेला. मच्छिंद्रला विचारलं, पासवर्ड कोणाकोणाला दिलास? दैवशालाला पुन्हा फोन करून विचारलं, घरात अजून कोण बसतं कॉम्प्युटरवर? ती दुखावली. "माझी सासू बसती का काय नकाशे काढायला?" म्हणाली. मी प्रितमला बोलावलं. तो डबा अर्धवट टाकून आला आणि हात पुसत मला म्हणाला, "एवढं टेन्शन कायला घेता? मशीन बंद करून चालू करू. जो कोन आसंल तो जाईल बाहेर."

"मशीन बंद करायचं न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "सायबांनी दवाखान्यातून सांगितल्तं. लाइट गेली तं मी शेजारच्या दुकानचं इन्व्हर्टर आणून जोडलं, पन बंद केलं न्हाई."

"आता कोन इचारनार हाये?" प्रितमने बटणाला हात लावला.

"थांब की लेका! त्यात वाचनालयाची फाइल कोनीतरी उघडी ठेवेल हाये."

"कोणी?" मी विचारलं.

मच्छिंद्र जरा घुटमळला. "ती उघडायला गेलं की लिहून येतं, 'ही फाइल श्रीपती वापरत आहेत'. रोज येतं. मंग मी तिची नक्कल काढून काम करतो."

"दीड महिना? मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, ताई? आपुन सगळेच तं श्रीपती." तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आन् बराबर वाटायचं ते वाचून."

प्रितमने बटणावरचा हात काढला, कीबोर्ड ओढून कुठलीशी यादी उघडली आणि मोठ्याने वाचलं. तिसऱ्या कॉम्प्युटरचं नाव होतं गंधाली-लॅपटॉप.

गंधाली मीच. लॅपटॉप माझ्या कोपराशी उघडा होता.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. संभाजीनगरला दवाखान्यात बाबांना काम बघायचं होतं म्हणून प्रितमने फोनवरून सांगत माझ्या लॅपटॉपवर ती जोडणी करून दिली होती. लॅपटॉप उघडला की ती आपोआप चालू व्हायची. मी रोज ती खिडकी खाली करत होते. बंद करत नव्हते. खाली केलेली खिडकी म्हणजे वापर, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. मी त्यात काहीही करत नव्हते.

आता ती वर घेतली. वाचनालयाचा नकाशा होता तसाच होता. दवाखान्यात खाटेवरच्या जेवणाच्या टेबलावर माउस ठेवून बाबांनी वाचनकक्षाची पश्चिमेची खिडकी उचलून उत्तरेला नेली होती. दुपारचं ऊन पानावर येतं, वाचणारा उठून जातो, असं म्हणाले होते. मी सेव्ह करायला गेले, तर म्हणाले, "करू नको. अजून नक्की नाही. उद्या बघू."

मी खिडकी बंद करायला गेले. प्रोग्रामने विचारलं, बदल जतन करायचे का? होय. नाही. रद्द करा.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मच्छिंद्र, हे बघ. बरोबर आहे का?"

तो वाकला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझ्याकडे न बघता त्याने बराच वेळ पडदा पाहिला.

"उत्तरेला बराबर हाये. मला सुचायला पायजे होतं." मग पडद्यावर बोट टेकवलं. "पन हितं जिना उतरतो. खिडकी त्याच्याखाली जाती. फूटभर उजवीकडं घ्यावी लागंल."

"बाबांच्या लक्षात नसेल आलं?"

"आलं असतं. दुसऱ्या दिशी."

मी होय दाबलं. नकाशा मिटला, मग बाबांच्या नावाने बाहेर पडायचं का विचारणारी चौकट आली, तिलाही होय म्हटलं, मग माझा पडदा मोकळा झाला. सुमितला फोन केला.

"आता एकही नाही, मॅडम. थँक यू. नवीन युजरचं पूर्ण नाव?"

मी मच्छिंद्रचं नाव सांगितलं. तो "ताई, माझं कायला?" म्हणत राहिला, तोवर मी दैवशालासाठी दुसरा परवानाही मागून ठेवला. सुमितने स्पेलिंग तीनदा विचारलं आणि दोनदा चुकवलं. पाचला सात मिनिटं कमी असताना मच्छिंद्रच्या नावाने प्रोग्राम उघडला.

त्याने वाचनालयाची फाइल निवडली आणि सवयीने हात थांबवला, ती ओळ येण्यासाठी. ओळ आली नाही. नकाशाच आला.

"उघडली," तो म्हणाला.

बाबांचा फोन माझ्या पर्समध्ये वाजला. कंपनीचा मेल होता. प्रिय श्रीपती, आजच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?

मी फोन उलटा ठेवला. मच्छिंद्र खिडकी फूटभर उजवीकडे सरकवत होता.