न मागितलेले गठ्ठे

ज्या वर्षी दानम्माचं लग्न झालं, त्या १९७८ साली तिचा भाऊ शिवपुत्र पुण्याहून सोलापूरला आला, तो डोक्यात एक आकडा घेऊनच. पुण्यात तो कॉम्प्युटरच्या कामावर होता. माणसाने एक पान मागितलं की यंत्राने डिस्कवरून पुढची पानंही आधीच उचलून ठेवायची, म्हणजे खोळंबा होत नाही. पण किती? कुणी काहीच सांगितलं नाही तर यंत्राने आपणहून किती पानं उचलावीत, तो आकडा सोमवारी साहेबांना द्यायचा होता.

अक्षता पडल्या, मांडव उतरला, तेव्हा त्याने वडिलांना विचारलं. मल्लप्पा कचेरीच्या दप्तरखान्यात तीस वर्षं शिपाई होते. कुणी जुन्या कागदांचा एक गठ्ठा मागितला की ते पुढचेही न मागता आणून ठेवत.

"अप्पा, पुढचे किती आणत होता तुम्ही?"

"मोजलं न्हाय कदी. हातात मावतील तेवडं."

"साहेबांना असं कसं सांगू?"

"मग मोजू की!" म्हातारा हरखला. पोराने आपल्या कामातलं काही विचारलं, ते पहिल्यांदाच.

"डॉक्टरांनी जिना चढू नका म्हनलंय," आई ईरम्मा आतून ओरडली.

शिवपुत्रने वही-पेन्सिल पिशवीत घातली. त्याला आकडा हवा होता.

दुसऱ्या दिवशी दोघे कचेरीत गेले. मल्लप्पांच्या जागी आलेला धुळाप्पा हसला, "काका, घरी करमंना व्हय?"

गठ्ठे माडीवर, वाचणाऱ्यांचं टेबल खाली. मल्लप्पा कधी दोन आणत, कधी चार, कधी आठ. शिवपुत्र वहीत मांडत होता. दोन आणले तर वाचणारा ताटकळे. चार आणले की काम सुरळीत चाले. आठ आणले तेव्हा टेबल भरलं, हवा तो गठ्ठा खाली दबला आणि बाकीचे न उघडताच परत गेले.

"चार, अप्पा. झालं काम."

"आटाचं येकदाच बगितलंस. येकदा बगून कळतं व्हय?"

बोलणं खरं होतं. शिवपुत्र म्हणाला, "बरं, आणखी एकदा."

आठ गठ्ठे छातीशी धरून उतरताना मल्लप्पा अर्ध्या जिन्यात खाली बसले. धुळाप्पाने हात सोडवले तोवर एकही गठ्ठा पडला नव्हता.

सोमवारी आकडा गेला नाही. तेराव्यानंतर शिवपुत्र पुण्याला परतला आणि यंत्रात चार घातले.

"चारच का?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी मोजलेत."

मल्लप्पा १८ मे १९७८ रोजी, गुरुवारी दुपारी तीन वाजता, दप्तरखान्याच्या जिन्यावर वारले.