ताफ्यातून सुटलेली गाडी

ओद्वारचा हात मोडला नसता, तर त्या दिवशी ती गाडी माझ्या हातात आलीच नसती. लाकडं ठेवायच्या खोपीच्या पायरीवर पाणी गोठलं होतं, त्यावरून माझा नवरा घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. रविवारी आमच्या मुलीच्या, उन्नीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. उन्नी डोंगरापलीकडे, फ्योर्डच्या म्हणजे आत शिरलेल्या खाडीच्या काठी राहते. आम्ही अलीकडच्या खोऱ्यात. मधे सगळा विद्दा, झाड नाही की घर नाही असं उघडं पठार. आगगाडीनं जाऊ, असं मी म्हणून पाहिलं. ओद्वारनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या दुसऱ्या हातावरही प्लास्टर घालायला निघालेय.

गाडी म्हणजे त्याचा जीव. ऑल-व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना इंजिनाचा जोर. पानं गळायच्या आतच तो खिळ्यांची टायरं चढवायचा. रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं म्हणून दर शनिवारी खालून पाणी मारायचा. डिकीत फावडं, वाळूची पिशवी आणि हौसेनं घेतलेला एक लांबलचक दोर. शेजारचा आस्लाक त्याला चिडवायचा, या दोरानं चर्च ओढून नेणार आहेस की काय? ओद्वार म्हणायचा, नेईनसुद्धा, गाडी तेवढी आहे. मला मात्र ती दुकानापर्यंतही मिळायची नाही. माझा पाय म्हणे ब्रेकवर फार लवकर जातो.

शनिवारी दुपारी आम्ही पठाराच्या तोंडाशी, हाउगास्त्योलला पोचलो तेव्हा रस्त्याचं फाटक बंद होतं. वर वारा सुटला होता. एकेकट्या गाडीला सोडत नव्हते, बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागून ताफा करून नेणार होते. गेर्द नावाची बाई नारिंगी कोट घालून एकेका खिडकीशी येत होती. तेल पुरेसं आहे का, अंगावर घालायला गरम काय आहे, फावडं आहे का, सगळं विचारत होती. पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, म्हणाली. झालेच, तर जागच्या जागी थांबायचं, चारही इंडिकेटर चालू ठेवायचे, आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. ताफ्याच्या शेवटी त्यांची एक मोठी गाडी येणार होती, ती कुणाला मागे सोडत नाही.

ओद्वार माझ्या अंगावरून वाकून तिला म्हणाला, "आमची चारही चाकं ओढणारी आहे."

"छान आहे," गेर्द म्हणाली. "पण थांबायचं सांगितलंय तेव्हा थांबा हं."

आमच्या पुढे एक पांढरी व्हॅन होती आणि मागे एक छोटी लाल गाडी. लाल गाडीतला माणूस फाटकापाशी आमच्याशी दोन शब्द बोलला होता. मारेक त्याचं नाव, मूळचा पोलंडचा, फरश्या बसवायची कामं करतो. पहिल्यांदाच ताफ्यातून जातोय, म्हणाला, आणि हसला, पण हात पुन्हा पुन्हा पॅंटला पुसत होता. त्याला बघून मला बरं वाटलं होतं, की घाबरलेली मी एकटीच नाही.

सुरुवातीचे काही मैल ठीक गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना रोवलेल्या काठ्या एकेक करून पुढे येत आणि मागे जात. मग झाडं संपली आणि वारा आडवा आला. बर्फ वरून पडत नव्हतं, जमिनीवरून उठून धुरासारखं रस्ता ओलांडत होतं. काचेच्या पलीकडे दूध ओतल्यासारखं झालं. त्यात दोन लाल ठिपके. मी डोळे मिटायलासुद्धा विसरले. मान, खांदे, बोटं, सगळं आखडून गेलं होतं. ओद्वार शेजारून सांगत होता, हलक्या हातानं धर, गिअर बदलू नकोस, अंतर वाढतंय, जरा चल. त्याच्या बोलण्याचा मला एरवी राग आला असता. त्या वेळी कुणाचा तरी आवाज आहे एवढंच पुरे होतं.

मग एक झोत असा आला की गाडी हलली, आणि लाल ठिपके गेले.

माझा पाय ब्रेककडे गेला. ओद्वार म्हणाला, "थांबू नको. मागचा येऊन आदळेल."

"दिवे दिसत नाहीत, ओद्वार."

"पुढेच आहेत गं. काठ्या दिसताहेत ना? काठ्या धरून चल."

उजवीकडे काठी दिसत होती. तिच्यापुढे दुसरी. मी त्यांच्या मागे गेले. थोड्या वेळात चाकांचा आवाज बदलला. खिळ्यांची करकर थांबली आणि गाडीच्या पोटाखालून काहीतरी मऊ घासत जाऊ लागलं. स्टीअरिंग हलकं झालं, पाण्यात हात फिरवावा तसं. मी म्हटलं, हा रस्ता नव्हे. तो म्हणाला, वाऱ्यानं पुन्हा भरला असेल, जोर दे, ही थांबायची नाही. आणि ती थांबली नाही, तिथेच आमचं नशीब फुटलं. दुसरी कुठलीही गाडी तिथेच, काठावर, रुतून बसली असती. आमची चारही चाकांनी बर्फ कापत निमूट पुढे गेली, मी तिला नेईन तिथवर. मग नाक खाली झालं. खालून धप्प असा आवाज आला आणि आम्ही सीटबेल्टच्या पट्ट्यांवर लोंबकळलो.

मी रिव्हर्स टाकला. चारही चाकं फिरली आणि चारही खाली गेली. गाडी पोटावर बसली.

काठ्या कुठल्या होत्या ते आता दोघांनाही कळलं. उन्हाळ्यात मासे धरणारे लोक जिथे गाड्या लावतात, त्या तळ्याकडच्या वाटेच्या त्या काठ्या होत्या. तळ्याचं नाव आमच्यापैकी कुणी घेतलं नाही. हिवाळाभर त्या तळ्याचं पाणी विजेसाठी सोडतात. पाणी खाली जातं आणि वरचं बर्फ काठाशी तसंच अधांतरी राहतं, खाली पोकळ. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं असतं, त्या काठावर पाऊल टाकायचं नाही.

"आपण कशावर आहोत?" मी विचारलं.

ओद्वारनं काचेला कपाळ टेकून खाली पाहिलं. मग म्हणाला, "इंजिन बंद कर. धुराची नळी बर्फात गेली असेल, धूर आत येईल."

इंजिन बंद केलं आणि मग खरं ऐकू यायला लागलं. वारा गाडीला खालून वरून चाटत होता. मधेच समोरून, जमिनीतून, जाड लाकूड पिळावं तसा आवाज यायचा. फोनला रेंज नव्हती. खिडक्या एकेक करून आतून पांढऱ्या झाल्या. मागच्या सीटवर उन्नीसाठी केलेला बदामाचा केक डब्यात होता. मी उगाच त्याच्यावर हात ठेवून बसले.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. लांब, थांबून, पुन्हा लांब. मारेकच असणार. आमचे दिवे धरून तोही वळला होता आणि त्याची छोटी गाडी वळणावरच रुतली होती. म्हणजे रस्ता तिकडे होता. पण वारा तो आवाज कधी डावीकडून आणायचा, कधी थेट मागून.

ओद्वारनं कोट ओढला. प्लास्टरचा हात बाहीत जात नव्हता, म्हणून कोट नुसता खांद्यावर टाकला. मी त्याची कॉलर धरली.

"ती बाई काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

"मी म्हणालो जोर दे," तो म्हणाला. "तू थांबत होतीस." त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. "हॉर्न इथेच आहे, हालदिस. त्याला सांगून येतो. तू हलू नकोस, गाडीला धक्का नको."

दार उघडलं, बर्फाचा लोट आत आला, दार बंद झालं. काचेतून त्याची पाठ मी दोन पावलं पाहिली. तिसऱ्या पावलाला ती नव्हती.

मी हॉर्न वाजवायला लागले. वाजवायचं, थांबायचं, ऐकायचं. त्याचं नाव घेऊन ओरडले तर ते माझ्याच तोंडात परत आलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मारेकचा हॉर्न चालू होता, पण त्यात काही बदल नव्हता. ओद्वार त्याच्यापर्यंत पोचला असता, तर काही वेगळं वाजवलं असतं की नाही? आणि पोचला नसेल, तर खांद्यावर टाकलेल्या कोटात, एका हातानं? मला रडू येईना. रडायला जेवढी जागा लागते तेवढीही आत शिल्लक नव्हती.

मी मागची सीट पाडली, केकचा डबा बाजूला सारला आणि डिकीतून तो दोर ओढून घेतला. एक टोक सीटबेल्टच्या कडीला बांधलं, गाठीवर गाठी मारल्या, दुसरं कमरेला. स्वेटर नाकावर ओढला. दार उघडून पाय खाली टाकताना वाटलं, आता पायाखालचं बर्फ जाणार. ते गेलं नाही. मांडीपर्यंत बर्फ होतं, त्याखाली काहीतरी टणक.

बाहेर श्वास घेता येत नव्हता, वारा तो तोंडातूनच काढून घ्यायचा. डोळे उघडले की सुया टोचल्यासारखं व्हायचं. हात पुढे केला तर मनगटापुढचा दिसेना. उताराला पाठ करून मी दोर ताणला जाईपर्यंत गेले. मग तो ताणलेलाच ठेवून आडवी चालायला लागले, खुंट्याला बांधलेली गाय फिरते तशी. पडायची, उठायची, पुन्हा चालायची. दोर मागे बर्फावरून घासत येत होता. ही फेरी संपली आणि तो सापडला नाही तर मी काय करणार होते, कमरेची गाठ सोडणार होते की नाही, हे मी अजूनही स्वतःला सांगू शकत नाही.

दोर कशाला तरी अडला. मी तो हातानं चाचपत आत आले. दोर एका काठीला अडला होता आणि काठीला ओद्वार मिठी मारून गुडघ्यांवर बसला होता. कोट उडून गेला होता. पापण्या गोठून चिकटल्या होत्या. मी खांद्याला हात लावला तर तो किंचाळला.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, हाक का नाही मारलीस, माझा हॉर्न ऐकला नाहीस का?

"मागे वळलो तर गाडी नव्हती," तो म्हणाला. "तुझा हॉर्न थांबला. मला वाटलं, गाडी गेली. तुला घेऊन खाली गेली."

मी दोर काढायला सीट पाडत होते तेव्हा हॉर्न थांबला होता. तेव्हापासून तो त्या काठीपाशी मी मेले असं धरून बसला होता.

दोर हातात घेत घेत आम्ही परत आलो. तो पुढे, मी मागून त्याला ढकलत. गाडीत शिरलो, मी त्याचा चांगला हात माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी घेतला. बोटं मेणासारखी पांढरी होती. तो थरथरत होता, मग थरथरायचा थांबला, ते मला जास्त वाईट वाटलं. मी त्याला बोलतं ठेवलं. बाळाला काय म्हणून हाक मारणार, चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसणार, आस्लाकला काय सांगणार. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, "त्याला काही सांगायचं नाही." तेव्हा मला जरा धीर आला.

मग काचेवर कुणीतरी मूठ मारली. गेर्द होती, मागच्या मोठ्या गाडीतून आलेली. आधीच कुणाचे तरी वायपर गोठले म्हणून त्यांना वाटेत थांबावं लागलं होतं. मारेकची लाल गाडी वाटेच्या तोंडाशी अडकलेली दिसली नसती, तर ते लोक आमच्याजवळून सरळ निघून गेले असते. ती लांब काठीनं पुढची जमीन टोचत, दोराला बांधून आली होती. तिच्या मागे, तोच दोर धरून, मारेक. त्याला तिनं गाडीतच बसायला सांगितलं होतं, पण त्यानं ऐकलं नव्हतं. ती आम्हाला रागावली नाही. नुसतं विचारलं, "दोघंच ना? अजून कुणी बाहेर नाही ना?"

मारेकनं ओद्वारला अर्धं पाठीवर घेतलं. आमची गाडी तिथेच सोडून आम्ही त्यांच्या मोठ्या गाडीतून पलीकडे उतरलो.

बाप्तिस्म्याला आम्ही पोचलो. माझे दोन्ही गाल वाऱ्यानं भाजून काळे पडले होते, आणि ओद्वारच्या दोन बोटांना अजून स्पर्श कळत नव्हता. त्यातल्या एका बोटाला तो आजही कळत नाही. उन्नी आम्हाला बघून आधी रागावली आणि मग पाळण्यापाशी बसून रडली. परत आगगाडीनं आलो.

गाडी मंगळवारी, वारा पडल्यावर, ओढून काढली. ओढणाऱ्या माणसानं ओद्वारला काय सांगितलं, ते त्यानं मला वसंत ऋतू येईपर्यंत कळू दिलं नाही. मागची दोन चाकं काठाच्या दगडांवर होती. पुढची दोन पोकळ बर्फावर. ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होते. हातातली वाटी मी हळूच पाण्यात सोडली आणि थोडा वेळ खुर्चीवर बसले.

गाडी आम्ही विकली नाही. आता दोघंही चालवतो. पुढच्या जानेवारीत उन्नीकडे निघालो, तर हाउगास्त्योलला पुन्हा फाटक बंद आणि गाड्यांची रांग. अर्ध्या तासात ताफा निघणार होता, बाकीचे लोक कॉफी पीत हसत उभे होते. वारा काही विशेष नव्हता. पण माझे हात स्टीअरिंगवरून सुटेनात. ओद्वारकडे पाहिलं तर तो समोर, फाटकाच्या पलीकडे, जिथे पांढरं सुरू होतं तिथे बघत होता.

मी गाडी रांगेतून काढली आणि खाली, घराकडे वळवली. पहिली झाडं लागली. मग तो म्हणाला, "उन्नीला फोन मी करतो."