सुनिसाने अंगारा का लावला नाही?

नवी सून घरात आली की ती काय खाते, कशी खाते आणि किती खाते यावरून तिची परीक्षा घ्यायची, ही आपली जुनी खोड. माणसं देश सोडतात, पण ही खोड सामानात भरून बरोबर नेतात. शारजाच्या अल नहदामधल्या एका टॉवरमध्ये, शालिनी परुळेकरांच्या जेवणाच्या टेबलावर ती रोज वाढली जायची.

शालिनीताईंची सून सुनिसा थायलंडची. दुबईतल्या एका हॉटेलात रिझर्व्हेशनचं काम बघायची. तिथेच सिद्धार्थची आणि तिची ओळख झाली आणि गेल्या वर्षी लग्न. मुलगी नीटनेटकी, कामसू, मोठ्या आवाजात कधी बोलायची नाही. पण टेबलावर बसली की शालिनीताईंच्या कपाळावर आठ्या पडायच्या. सुनिसा चमच्याने जेवायची, आणि काट्याने फक्त भात चमच्यात ढकलायची. भाजी एका वेळी चमचाभरच घ्यायची. ती संपली की पुन्हा चमचाभर, आणि तोच तोंडातला चमचा भाजीच्या भांड्यात! "अगं, उष्टं झालं ना सगळं!" शालिनीताई कपाळाला हात लावायच्या. एवढंसं घेते म्हणजे हिला आपलं जेवण आवडत नाही, असाही त्यांनी अर्थ काढून ठेवला होता. आग्रह करून वाढलं तर ती नको म्हणायची नाही, मुकाट्याने संपवायची. मग "बघा, भूक होतीच की, नुसती नाटकं," असं व्हायचं.

त्यांचे यजमान चंद्रहास टीव्ही बघत बसले असले की त्यांच्या समोरून जाताना सुनिसा कमरेत वाकून जायची. ते टीपॉयवर पाय पसरून बसले की उठून दुसरीकडे बसायची. शालिनीताईंना ते चोरट्यासारखं आणि तुसडं वाटायचं. आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं हसू. दूध उतू गेलं तरी हसू, सासू बोलली तरी हसू.

"राहू दे गं," चंद्रहास म्हणायचे, "तिच्याकडची पद्धत असेल. एकदा विचार तरी."

"आपल्या घरात आलीय ना? मग आपली पद्धत तिने शिकायची!"

बिचाऱ्या चंद्रहासांचं ऐकतंय कोण!

आणि मग एका थंडीतल्या संध्याकाळी हेच चंद्रहास चहाचा कप हातात घेऊन उठले आणि उभ्याचे आडवे झाले. सुनिसानेच ॲम्ब्युलन्स बोलावली. मेंदूत रक्तस्राव, हॉस्पिटलने सांगितलं. आयसीयू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारजावर असं दाट धुकं उतरलं की समोरचा टॉवर दिसेना. सिद्धार्थ समुद्रातल्या तेलाच्या रिगवर ड्युटीला होता. त्याचं हेलिकॉप्टर उडेना. "आई, मी निघतोय, इन्शाल्ला दुपारपर्यंत क्लिअर होईल," तो फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता आणि शेवटी त्याचाच आवाज फुटला. आता या परक्या मुलखात शालिनीताईंबरोबर होती ती एकटी सुनिसा.

डॉक्टर बाहेर आले. पेशंट शुद्धीवर नाही, चोवीस तास फार कठीण आहेत, मनाची तयारी ठेवा, असं त्यांनी इंग्रजीतून हळू आवाजात सांगितलं. आधारासाठी शालिनीताईंनी सुनेकडे पाहिलं, आणि सुनिसा हसत होती! मोठ्याने नव्हे, पण ओठांवर तेच ते हसू. शालिनीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायची ही वेळ नव्हती.

त्यांना आत जायचं होतं. पण त्यांना खोकला होता. "स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत सॉरी मॅडम, आत सोडता येणार नाही," दारावरच्या नर्सने सांगितलं. एका वेळी एकच माणूस, तेही पाच मिनिटं. सुनिसा जाऊ शकते. शालिनीताईंनी हातापाया पडून पाहिलं. नियम तो नियम.

तेव्हा त्यांनी पर्समधून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात गावच्या ग्रामदेवतेचा अंगारा होता. कोकणातून येताना त्या दर वेळी आणायच्या आणि देव्हाऱ्यात जपून ठेवायच्या. काल घरून निघताना त्यांनी पर्समध्ये दुसरं काही टाकलं नव्हतं, पैशाचं पाकीटसुद्धा नाही, फक्त ही पुडी घेतली होती.

"सुनिसा, धिस... पपांच्या कपाळाला लाव. फोरहेड. समजलं? प्लीज, बेटा." लग्नानंतर प्रथमच त्या तिला बेटा म्हणाल्या असतील.

सुनिसाने दोन्ही हातांत पुडी घेतली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती आत गेली.

बाहेर शालिनीताई डोळे मिटून उभ्या राहिल्या. देवी, एवढं कर. त्यांना बोलता येऊ दे. नाही बोलता आलं तर नुसतं बघू दे. तेही नसेल तर श्वास तरी चालू राहू दे. माणूस संकटात सापडला की त्याचं मागणं कसं आकसत जातं!

दार उघडलं. सुनिसा बाहेर आली.

"लावलास?"

"मम्मी, आय कॅनॉट टच पपाज हेड..." आणि ओठांवर हसू.

पुढचं शालिनीताईंनी ऐकलंच नाही. रात्रभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "हात विटाळला असता का तुझा? तिकडे माझा नवरा मरतोय आणि तू हसतेस? माणूस आहेस की कोण? एवढंसं काम सांगितलं तुला, एवढंसं! खलास! माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. जा! गो!"

मराठी शब्द सगळे कळले नसतील, पण बोटाची दिशा कळली. सुनिसाने पुडी सासूच्या हातात ठेवली, हात जोडून कमरेत वाकली आणि लिफ्टकडे गेली.

थोड्या वेळाने सिद्धार्थचा फोन आला. "आई, सुनीचा फोन बंद आहे. तुझ्याजवळ आहे ना ती? तिला सोडू नकोस हं, ती घाबरली की बोलत नाही."

"आहे," शालिनीताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून ढसाढसा रडल्या. नवरा दाराआड, मुलगा समुद्रात, आणि आपण मुलाशी खोटं बोललो. एवढं एकटं त्यांना उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

दुपारी त्यांच्याच मजल्यावरची कशफ आली. कराचीची, शाळेत शिकवायची, दोघींची मैत्री जुनी. तिने काही न विचारता डबा उघडून चमचा हातात दिला. "पहले खाओ. शुगर गिर जाएगी."

मऊ भात होता, अगदी पेजेसारखा. वर तूप, आत आल्याचे बारीक तुकडे. शालिनीताईंनी कालपासून काही खाल्लं नव्हतं. चार घास पोटात गेल्यावर त्यांनी सकाळची सगळी हकिकत सांगितली.

"शालिनी," ती म्हणाली, "तुम्हारा वो हल्दी-कुंकू याद है? पहली बार जब मैं आई थी?"

आठवत होतं की! शालिनीताई कुंकवाचं बोट घेऊन पुढे गेल्या होत्या आणि कशफने कपाळ पटकन मागे घेतलं होतं. जमलेल्या बायका बघत राहिल्या होत्या. शालिनीताईंनाही क्षणभर चपराक बसल्यासारखं झालं होतं.

"उस वक्त तुमने क्या किया था? मुझे घर से निकाला? तुमने पूछा, कशफ, माथे पे नहीं चलेगा क्या? मैंने कहा, नहीं. तो तुमने मेरे हाथ में फूल दिया, तिल-गुड़ दिया, और बात खत्म! उसी दिन से हम दोस्त हैं. एक सवाल पूछा था तुमने, बस. वही एक सवाल इस बच्ची से क्यों नहीं पूछा?"

"तुम्हारी बात अलग है. तुम पडोसी हो. वो तो घर की बहू है!"

"तो पडोसन से पूछना चाहिए और बहू से नहीं? जो घर की है, उससे कम पूछना चाहिए या ज़्यादा?"

उत्तर नसलं की माणूस हट्टाला पेटतो. "पण ती हसली कशफ, हसली!" त्या मराठीतच म्हणाल्या.

तेवढ्यात नर्सने हाक मारली. शालिनीताईंच्या स्वॅबचा रिपोर्ट चांगला आला होता. मास्क लावून पाच मिनिटं आत जायला परवानगी मिळाली.

आत मशीनचा आवाज, नळ्या, आणि त्या सगळ्यात चंद्रहास. शालिनीताई पुढे झाल्या. पुडी उघडली, बोट अंगाऱ्यात बुडवलं, आणि त्यांचा हात थबकला.

चंद्रहासांच्या कपाळावर अंगारा होता!

वाकडातिकडा, एका भुवईपर्यंत ओघळलेला, लहान मुलाने लावावा तसा. त्यांनी पुडीकडे पाहिलं. अंगारा कमी झाला होता. मग त्यांची नजर पांघरुणावर ठेवलेल्या नवऱ्याच्या हाताकडे गेली. त्याच्या तर्जनीच्या टोकाला राख लागलेली होती.

"हे कोणी..." त्यांनी नर्सला विचारलं.

"युअर डॉटर-इन-लॉ, मॅडम," नर्स म्हणाली. "मी म्हटलं, तूच लाव ना पटकन. ती म्हणाली, आमच्याकडे मोठ्या माणसाच्या डोक्याला लहानाने हात लावायचा नसतो, ते शरीरातलं सगळ्यात पवित्र. मग तिने त्यांचंच बोट धरून त्यांच्याच कपाळाला लावलं. आधी त्यांच्या पायांपाशी डोकं टेकवून माफी मागितली. फार रडत होती."

शालिनीताईंनी पलंगाची कड धरली. आपल्या देवीचा अंगारा लावावा, आणि सासऱ्याचा मानही राखावा, म्हणून त्या पोरीने तेवढ्या पाच मिनिटांत वाट शोधून काढली होती. आणि आपण? आपण तिचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही! आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. कोणाकडे पाय करून बसायचं नाही हे आपल्याला आपल्या आईने शिकवलं. तेच तिला तिच्या आईने शिकवलं, म्हणून ती मोठ्यांच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं खाली ठेवून वाकून जायची, म्हणून पसरलेल्या पायांसमोरून उठायची. तो तुसडेपणा नव्हता, ते संस्कार होते!

त्या बाहेर आल्या त्या जवळजवळ पळतच. "कशफ, वो कहां गई होगी? उसका फोन बंद है. अगर एअरपोर्ट गई तो? मी सिद्धार्थला काय सांगू?"

कशफने रिकामा डबा पिशवीत ठेवला. "कहीं नहीं गई. सुबह से नीचे बेंच पे बैठी है. यह चावल भी उसी ने तड़के घर जाकर बनाया था, तुम्हारे लिए साथ लाई थी. मुझसे कहा, मम्मी को मत बताना, वरना नहीं खाएँगी. बोली, अपनी वाली फिश सॉस नहीं डाली, मम्मी को बास आती है."

शालिनीताईंच्या तोंडावर कोणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

खाली दाराजवळच्या बाकावर सुनिसा बसली होती, गुडघे जुळवून, पर्स मांडीवर धरून. सासूला बघताच ती उठून उभी राहिली आणि तिच्या ओठांवर तेच हसू आलं. पण या वेळी शालिनीताईंनी ओठांच्या वर पाहिलं. डोळे सुजून लाल झाले होते. खालचा ओठ थरथरत होता. रडू दाबण्यासाठी आपण पदर तोंडावर घेतो. ही पोर हसू घेत होती, इतकंच.

"तू मला सांगितलं का नाहीस? व्हाय? सकाळीच सांगायचंस ना!"

सुनिसा खाली बघत म्हणाली, "यू वेअर व्हेरी सॅड, मम्मी. आफ्टर मम्मी अँग्री, इफ आय से, देन यू फील रॉंग. टुडे मम्मी शुड नॉट फील रॉंग."

आज सासूला आपली चूक झाली असं वाटायला नको! म्हणून तिने घराबाहेर निघून जाण्याचा हुकूमही ऐकून घेतला होता. शालिनीताईंना हुंदका आवरेना. त्यांनी तिला जवळ ओढलं, आणि सवयीने हात तिच्या डोक्याकडे गेला. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"सुनिसा... मे आय? हात ठेवू?"

सुनिसाने चमकून वर पाहिलं. या घरात तिला प्रथमच कोणी काही विचारत होतं. मग तिने मान खाली घालून आपलं डोकं त्या हाताखाली आणलं. "मम्मी कॅन," ती म्हणाली. "मदर कॅन." आणि मग मात्र ती हसली नाही. मोकळेपणाने रडली.

धुकं विरलं होतं. सिद्धार्थचं हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला. चंद्रहासांची शुद्ध मात्र अजून आली नव्हती, आणि डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. संध्याकाळी पुन्हा पाच मिनिटांची वेळ झाली. आत एकच माणूस जाणार होतं. कदाचित ही शेवटची भेट असेल, हे शालिनीताईंना कळत होतं. त्यांनी पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढली आणि सुनेच्या ओंजळीत ठेवली.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तुझ्या पद्धतीने लाव. देवीला पोचतो."

वाचकहो, आपण आखातात राहतो तेव्हा आपणही कोणाच्या तरी दारातले परकेच असतो. आपलं हाताने जेवणं, आपली फोडणी, आपला आग्रह कोणीतरी समजून घेतं, म्हणून आपले दिवस सुखाने जातात. ती समजूत दुसऱ्याला द्यायची वेळ आली की मात्र आपण आपल्या पद्धतीची फूटपट्टी काढतो! कोणाच्या वागण्याचा अर्थ आपल्या मनाने लावू नका. त्याला विचारा, आणि विचारल्यावर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. शालिनीताई थांबल्या असत्या, तर सुनिसाचं सकाळचं वाक्य एवढंच होतं: "आय कॅनॉट टच पपाज हेड, सो पपा डिड इट हिमसेल्फ."