भिंतीवरचे नाव

दुकानात शिरणारा माणूस औषधाचे नाव कधीच विचारत नसे. तो सरळ म्हणे, "साउ मावशी, खोकल्याच्या दोन पुड्या द्या." मग दुकान मावशीचे असले तरी काउंटरवर नोकरीला असलेली थोआ चार-पाच बरण्यांतून पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या काढी, प्लॅस्टिकच्या इवल्याशा पिशवीत घाली आणि "जेवल्यावर घ्या" एवढे सांगून हातावर ठेवी. पिशवीवर ना नाव, ना गाव. मेकाँग नदीच्या मुखाकडच्या आमच्या बाजारगावात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे याच पुड्यांवर वाढलेले आहेत. पुडीने बरे वाटते, लगेच वाटते, आणि दवाखान्याच्या रांगेत दिवस जात नाही. तक्रार करायची कोणी?

दुकानाच्या भिंतीवर काचेत मढवलेली एक पदवी होती. ती दूर सायगॉन शहरात राहणाऱ्या कोणा फार्मासिस्टची. त्याने या गावचे पाणीही चाखलेले नव्हते. नियमाप्रमाणे तो दुकानात हवा, म्हणून त्याचे नाव भाड्याने आणून टांगले होते, इतकेच. गिऱ्हाईके चेष्टेने त्याला 'भिंतीवरचे साहेब' म्हणत. तपासणी यायची असली की दोन दिवस आधी बातमी येई, साहेब भिंतीवरून खाली उतरल्यासारखे सकाळच्या बसने येत, पांढरा कोट घालून बसत आणि संध्याकाळी परत जात.

थोआ औषधविक्रीचा साधा अभ्यासक्रम शिकून काउंटरवर बसलेली. तिला पदवीचे वेड लावले ते तान गुरुजींनी. गुरुजींनी तिला प्राथमिक शाळेत शिकवले होते, आणि आता गुडघ्यांसाठी ते दर आठवड्याला तिच्याकडूनच पुडी नेत. "किती दिवस दुसऱ्याच्या नावाखाली बसशील, बाळ?" असे ते येता-जाता विचारीत. शेवटी तिने नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने फार्मसीची पदवी घ्यायचे ठरवले. नवरा लूक कोळंबीच्या तळ्यावर राबणारा, त्याला हे खूळ वाटले, पण त्याने अडवले नाही.

मंडळी, दूरशिक्षण म्हटले की आपल्याकडे लोक गालातल्या गालात हसतात. थोआचे सहाध्यायी व्याख्यान लावून ठेवत आणि कॅमेरा बंद करून बाजाराला जात. परीक्षेला दुसराच माणूस बसवणारेही होते. थोआ मात्र दुपारी गिऱ्हाईक थंडावले की दुकानामागे टांगलेल्या झोळीत बसून फोनवर प्रत्येक व्याख्यान ऐके, कानात इअरफोन आणि मांडीवर कण्यांच्या भाताचा डबा. प्रात्यक्षिकांसाठी शनिवार-रविवार फेरीबोट आणि बस करून कान-थो शहराला जाई. तिच्या लहानग्या मुलीने आईला सणवारीसुद्धा पाहिले नाही. एका विषयात ती नापास झाली, रडली, पुन्हा बसली.

आणि त्या शिक्षणानेच तिची झोप उडवली. स्टेरॉइडवरचे व्याख्यान ऐकताना तिला एकेक लक्षण ओळखीचे वाटू लागले. चेहरा गोल होतो, कातडी पातळ पडते, हाडे ठिसूळ होतात, पोटात जखमा होतात. गावात सगळे म्हणत होते की निवृत्तीनंतर गुरुजींचा चेहरा काय भरला आहे! तो चेहरा तिने स्वतःच्या हाताने भरला होता. पुडीतली ती छोटी गोळी स्टेरॉइडचीच होती.

दुसऱ्याच दिवशी ती गुरुजींच्या घरी गेली आणि सगळे सांगून टाकले. एकदम बंद करू नका, जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील, असे तिने विनवले. गुरुजींनी ऐकले. महिनोन्महिने दुखणे सोसले, काठी घेतली, पण पुडीला हात लावला नाही. पुढे चालणे जड झाले तेव्हा त्यांची मुलगी त्यांना आणि त्यांच्या पत्नी लिएन काकूंना कालव्यापलीकडच्या तालुक्याच्या गावी घेऊन गेली.

इकडे थोआला पदवी मिळाली, मागोमाग परवानाही. लूकने गल्लीला जेवण घातले. त्या जेवणातच साउ मावशीने विषय काढला. तिच्या भाच्याला तालुक्याच्या गावी दुकान थाटायचे होते, भिंतीला नाव हवे होते.

"तुला काही करायचं नाही गं," मावशी म्हणाली, "कागद तिकडे, तू इकडे. बसल्या जागी दर महिन्याला पैसे. सगळेच देतात."

थोआने आढेवेढे घेतले. मग लूक म्हणाला, "इतकी वर्षं पोरीला मी भरवलं, निजवलं. ते काय नुसती फ्रेम पुसत बसायला?" तिने मनाची समजूत घातली की तिथल्या गोळ्या काही आपण देणार नाही. सही केली. त्या दुकानात ती एकदाही गेली नाही. तिकडे पुड्या बांधत असतील हे तिला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. तिने विचारले नाही.

वर्ष सरता सरता बातमी आली की गुरुजींच्या पोटातली जखम फुटली, कान-थोच्या रुग्णालयात आहेत. थोआ धावत गेली. गुरुजी खाटेला खिळलेले, नाकात नळी, दंडावर जांभळे डाग. आवाज मात्र वर्गातलाच होता.

"गुरुजी, पुन्हा पुडी घेतलीत?" तिला रडू आवरेना. "मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस. म्हणून इतके दिवस घेतली नव्हती." ते थांबत थांबत बोलत होते. "मग मुलीकडच्या बाजारात नवं दुकान निघालं. आत गेलो तर भिंतीवर तुझं नाव. दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं, ही माझी विद्यार्थिनी. त्यांनी पुडी दिली. वाटलं, आता पोर शिकली आहे, तिच्या दुकानातली पुडी वेगळी असेल. मी विचारलंसुद्धा नाही."

थोआ खाली बसली. तिला वाटले, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

"मी तिथे नव्हते, गुरुजी. फक्त कागद होता."

"ते कळलं मला, उशिरा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू दुरून शिकलीस, त्याचा मला अभिमान आहे. लोक हसले तरी तू प्रामाणिकपणे शिकलीस. पण बाळ, शिकता दुरून येतं. औषध दुरून देता येत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा बघावा लागतो. तू माझा बघितला होतास, म्हणून तर मला वाचवायला आली होतीस."

"आता मी काय करू?"

"माझ्यासाठी आता काही करता येणार नाही," गुरुजी म्हणाले. "नाव उतरव."

चार दिवसांनी गुरुजी गेले. कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधून थोआ प्रेतयात्रेत चालली आणि तिथूनच थेट भाच्याच्या दुकानात गेली. ती भांडणाची तयारी करून गेली होती. भाच्याने भांडण केलेच नाही. त्याने स्टूल घेतले, चौकट खाली काढून तिच्या हातात दिली, खणातून दुसऱ्या कोणाची पदवी काढली आणि त्याच खिळ्याला अडकवली. ती दाराबाहेर पडते न पडते तोच त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला पुडी बांधून दिली.

भाच्याच्या भिंतीवरून नाव काढले म्हणून साउ मावशीने तिला कामावरून काढले. मग थोआने घराच्या पुढच्या खोलीत, मावशीच्या दुकानासमोरच, स्वतःचे छोटे दुकान मांडले. ती दिवसभर तिथे बसते, काय दुखते ते विचारते, गोळीचे नाव लिहून देते, गरज नसेल तर गोळी देतच नाही. लोक एकदा येतात. "इतक्या चौकशा डॉक्टरसुद्धा करत नाहीत," म्हणून हसतात आणि रस्ता ओलांडतात. लूक तळ्यावरून येतो, रिकामे दुकान बघतो आणि जेवायला बसतो.

एके सकाळी लिएन काकू आल्या. गुरुजींच्या स्मृतीचा देव्हारा जुन्या घरात मांडायचा म्हणून त्या गावी परतल्या होत्या. थोआने लगबगीने खुर्ची दिली.

"गुडघ्याची पुडी दे गं. यांना द्यायचीस ना, तसली."

थोआने काकूंचा हात धरला. "काकू, त्याच पुडीने गुरुजी गेले. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं की. त्यांचं वय झालं होतं. मला कुठे रोज घ्यायची आहे? शंभराव्या दिवसाचा विधी आलाय. त्यांच्यापुढे गुडघे टेकायला नकोत?"

"मी येते ना. मी धरीन तुम्हाला, टेकताना आणि उठताना. उद्या डॉक्टरांकडेही मीच घेऊन जाते."

काकूंनी तिच्याकडे मायेने पाहिले. "गुणाची आहेस. पण पोरी, परवा कोण धरणार? मी एकटी राहते आता. पहाटे चूल पेटवायला मला खाली बसावं लागतं."

आणि त्या काठी टेकत रस्ता ओलांडून समोर गेल्या. थोआ मागोमाग रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, तिथे उभी राहिली. समोर 'भिंतीवरचे साहेब' काचेमागे शांत होते. काकू मुठीत पुडी घेऊन बाहेर पडल्या आणि तिच्याकडे न बघता घराकडे वळल्या.

नागरिकहो, थोआचे मन बदलले, गाव बदलले नाही. एका माणसाने नाव उतरवले की दुसऱ्याचे चढते, कारण पुडी मागणारे आपणच आहोत. पदवी घरबसल्या मिळवा, बोटीतून मिळवा, झोळीत बसून मिळवा, त्यात काही कमीपणा नाही. पण ती भाड्याने देऊ नका. आणि औषध घेताना दुकानदाराला विचारा, भिंतीवर ज्याचे नाव आहे तो माणूस कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परत या. दुखणे सोसवते, पण न विचारण्याची सवय जीव घेते.

त्या दिवशी थोआच्या दुकानात संध्याकाळपर्यंत एकच गिऱ्हाईक आले. त्याला बोटाला बांधायची पट्टी हवी होती. तिने जखम धुऊन, नीट बांधून दिली.