तिसऱ्या बॅचचं मलम

रविवारी दुपारी अक्षराने इन्क्युबेटरमधून प्लेट काढली, उजेडाकडे धरली. प्लेटच्या बारीक खाचांमध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवलेल्या होत्या. पेशी जिवंत असल्या की वरून घातलेला पिवळा रंग जांभळा होतो, मेल्या असल्या की पिवळाच राहतो. पहिल्या दोन बॅचच्या ओळी गर्द जांभळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या बॅचच्या तिन्ही ओळी पिवळ्याधमक होत्या.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत ती चार वर्षं पीएचडी करत होती. मधुमेहाच्या रुग्णांच्या पायाला होणाऱ्या जखमांसाठी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं मलम, हा तिचा विषय. एका केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी मावतात. तेवढ्या आकारात चांदी जंतूंना मारते आणि जखम भरून येते. पण कण त्याहून बारीक झाले, तर ते जंतू कोण आणि माणूस कोण हे बघत नाहीत. त्वचेच्या पेशींत शिरतात आणि त्यांनाही मारतात.

लातूरच्या एका रुग्णालयात या मलमाची चाचणी चालू होती. दोन बॅच उत्तम गेल्या होत्या. तिसरी अक्षरानेच बनवली होती, तीही घाईत. गेल्या बुधवारी माल लातूरला पोचलाच पाहिजे, असा तिचे मार्गदर्शक उमाशंकर सर यांचा धोशा होता. कणांचा आकार नीट राहावा म्हणून जे रसायन थेंबाथेंबाने सोडायचं, ते तिने भराभर ओतलं. कणांचा आकार मोजणारं यंत्र त्या आठवड्यात बंद होतं. पेशींवरची तपासणीही मागे राहिली होती; ती तिने माल गेल्यावर केली.

"कृती तीच आहे ना?" सर म्हणाले होते. "मग दुसऱ्या बॅचचाच अहवाल जोडून दे."

तिने जोडला आणि खाली सही केली.

आता तिने सरांना फोन लावला. ते उदगीरला एका लग्नात होते, मागे बँड वाजत होता.

"एका प्लेटवरून एवढी घाबरतेस? परत कर टेस्ट. बुधवारपर्यंत कळेल."

"सर, उद्या सकाळी ड्रेसिंग आहे. तिसऱ्या बॅचच्या ट्यूब गुरुवारपासून वापरात आहेत."

"प्लेट वेगळी, जखम वेगळी. आणि अक्षरा, त्या अहवालावर सही तुझी आहे, हे ध्यानात ठेव."

फोन बंद झाला. लातूरचे डॉक्टर मल्लिनाथ फोन उचलत नव्हते. वॉर्डात लावला तर तिथल्या माणसाने लेखी आदेश मागितला. सही कोण देणार? सर तर नक्कीच नाहीत. तिने प्लेटचे फोटो काढले, छापून घेतले आणि सोमवारी सकाळी सहाची लातूरची एसटी पकडली.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडे ट्रक आडवा पडला होता. बस पाऊण तास जागची हलली नाही. ड्रेसिंग साडेदहाला सुरू होणार होतं. अक्षरा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. शेवटी कंडक्टर वैतागला. "ताई, घड्याळाकडं बघून रस्ता मोकळा व्हतो का?"

वॉर्डात ती धावतच शिरली तेव्हा पावणेअकरा झाले होते. पहिल्या खाटेवर मडिवाळप्पा होते. जुन्या डाळमिलचे मुकादम, पासष्टीचे, कपाळावर भस्म. तारामती सिस्टरने त्यांच्या तळपायाची पट्टी सोडली होती आणि ट्यूबचं झाकण उघडलं होतं.

"सिस्टर, थांबा! ते लावू नका."

तारामती थांबली. मडिवाळप्पा मात्र उठून बसले.

"तू कोण गं?"

"मलम मीच बनवलंय, अप्पा. या ट्यूबमध्ये दोष आहे. मलम जंतूंबरोबर तुमची कातडीपण मारायलंय."

"खुळी का काय तू? डॉक्टर माझा पाय कापायला निघालते. ह्या मलमानं जखम निम्मी भरली. मी लई देवाला हात जोडल्यावर हे औषध गावलं, अन् तू लावू नको म्हणतीस? सिस्टर, लाव तू!"

"ती जखम पहिल्या दोन बॅचच्या ट्यूबांनी भरली. ही तिसरी बॅच वेगळी झालीय."

"अन् ती वेगळी केली कुणी?"

सगळा वॉर्ड अक्षराकडे बघत होता.

"मी," ती म्हणाली. "घाईत बनवली. तपासलीपण नाही. तपासली अशी सही केली."

मडिवाळप्पांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सिद्धम्माने, पदर तोंडाला लावला. तारामतीने ट्यूबला झाकण लावलं आणि शांतपणे फाइल उघडली.

"मॅडम, हे बघा. शनिवारी मी लिहिलंय. जखमेच्या कडा पांढऱ्या, साफ करताना रक्त येत नाही. आधी येत होतं. कुणी वाचलंच नाही."

तेवढ्यात डॉक्टर मल्लिनाथ आत आले. सरांचा त्यांना फोन येऊन गेलेला असावा, कारण त्यांनी अक्षराला नावानेच हाक मारली.

"अक्षरा मॅडम, तुम्हाला वॉर्डात यायची परवानगी कुणी दिली? चाचणी अशी मधेच थांबत नसते."

तिने फोटो पुढे केले. ते बघेनात. तेव्हा तारामतीने फाइल त्यांच्या हातात दिली आणि मडिवाळप्पांचा पाय दिव्याखाली धरला. डॉक्टर खाली वाकले. चिमट्याने कड हलकेच दाबली. रक्ताचा टिपूस नाही.

"अप्पा, दुखलं का?"

"न्हाई."

कड मेलेली होती. डॉक्टर सरळ होऊन म्हणाले, "सगळ्या ट्यूब गोळा करा, सिस्टर. कपाटाला कुलूप लावा. साधं ड्रेसिंग करा." आणि अक्षराकडे वळून, "तुम्ही आत्ता जे बोललात, ते लिहून द्या."

तिने तिथेच, इंजेक्शनच्या ट्रॉलीवर कागद ठेवून लिहिलं. एकही ओळ खोडली नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्र दुरुस्त झालं. तिसऱ्या बॅचचे कण ठरल्या आकाराच्या एक चतुर्थांश निघाले. चाचणी थांबली, चौकशी बसली. सरांनी सगळं तिच्यावर ढकललं आणि तिने स्वतःचा वाटा नाकारला नाही. तिची पीएचडी वर्षभरासाठी स्थगित झाली. त्या बॅचचं मलम सहा जणांना लागलं होतं. चौघांच्या जखमा साध्या ड्रेसिंगवर हळूहळू भरल्या. एकाची अजून भरतेय. मडिवाळप्पांच्या पायाची करंगळी काढावी लागली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अक्षरा लातूरला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. मडिवाळप्पांनी तिला दारात पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती तशीच उभी राहिली. मग सिद्धम्माने स्टुलावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"बस," ती म्हणाली. "पाय वाचला म्हणलेत डॉक्टर."

अक्षरा बसली.