कॅबिनेटमधली अक्षता

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्या पोटात बसवतात, तो डबा. दुकानदार मला कॅबिनेट म्हणतात. हिशेब मी करत नाही, पडद्यावरची चित्रं मी दाखवत नाही. मी फक्त सगळ्यांना धरून ठेवतो. माझ्या पुढच्या अंगाला एक बटण आहे आणि आत खालच्या कोपऱ्यात बोराएवढा एक स्पीकर आहे. तो गाणी म्हणत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना सगळं ठीक असेल तर तो एकदाच, थोडक्यात वाजतो. काही बिघडलं असेल तर लांब लांब वाजत राहतो. मला तेवढंच बोलता येतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, भोकं पाडली, वर रंग दिला. तेव्हा दुखलं का, ते आठवत नाही. पत्र्याला ऊन कळतं, गारवा कळतो. बाकी फारसं कळत नाही. माझी गोष्ट ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. माझी पहिली नोकरी तिथली. निकालाच्या दिवशी मुलं दारापर्यंत उभी राहत. पास झालेला मुलगा आनंदाने माझ्याच डोक्यावर थाप मारी. नापास झालेलाही माझ्याच डोक्यावर मारी. लोक म्हणत, "ह्यो कोपऱ्यातला घ्या, ह्यो अडकत नाय." ती माझी स्तुती होती.

त्या कॅफेत सागर नावाचा तरुण कामाला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजू लागले, तेव्हा तो प्रत्येक स्क्रूला खोबरेल तेलाचं बोट लावायचा. एखादा कॉम्प्युटर बंद पडला की बाकीचे लगेच पाना शोधत. सागर तसं करत नसे. तो बटण दाबून माझ्यापाशी कान आणायचा. म्हणायचा, "आधी त्याला बोलू दे. मग पाना उचल."

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि कॅफे बंद झाला. मालक मला भंगारात देणार होता. सागरने मला मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून मिरजोळ्याला आपल्या घरी आणलं. माझ्या पोटातले जुने भाग एव्हाना निकामी झाले होते. त्याने ते काढले आणि मला पडवीत ठेवलं. मग तो मुंबईला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला गेला.

पडवीत मी बरीच वर्षं होतो. माझ्यावर सुपात आमसुलं वाळत असत. कधी कोंबडी बसे. मी रिकामा होतो, एवढंच.

सागर सुट्टीला आला की एकेक नवा भाग आणायचा. एकदा बोर्ड, एकदा मेमरी, एकदा वीज पुरवणारी पेटी. त्याच्या धाकट्या बहिणीने, तेजलने एकदा विचारलं, "दादा, सगळं नवं आणि डबा तेवढा हा?"

"याचा पत्रा जाड आहे," तो म्हणाला. "हल्लीच्या डब्यांना नुसता रंग असतो. गणपतीत येईन तेव्हा जोडू."

त्या पावसाळ्यात मुंबईला त्याला ताप आला. तापातच तो गेला. घरचा गणपती त्या वर्षी भावकीतल्यांनी आपल्याकडे बसवला.

त्यानंतर घरात काय झालं ते मी पाहिलं तसं सांगतो. सागरची आई, शालन, रडली नाही. ती भात शिजवायची, केर काढायची, वाढायची. पण बोलणं तिने सोडलं. काही विचारलं तर मान हलवायची. सागरचे वडील, आप्पा, घरभर बोलत राहायचे, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं. आप्पांची थोरली बहीण, काशीआत्या, येऊन बजावून गेली, "वर्ष सरेपर्यंत या घरात हळद-कुंकू, अक्षता काही नको. देवापुढे दिवा तेवढा लावा." शालनने मान हलवली.

अशात तेजलला मुंबईच्या एका ऑफिसात बिलं बनवण्याचं काम मिळालं. तिथले साहेब म्हणाले, स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर घरून करा. सोमवारपासून सुरू करा. नसेल तर मुंबईला येऊन राहा.

"तू गेलीस तर तुझ्या आईपाशी कोण?" आप्पा म्हणाले. "माझ्या बोलण्याला हिच्यापेक्षा भिंत तरी बरं उत्तर देते."

"जात नाही, आप्पा. दादाचे भाग आहेत की सगळे. मी जोडते."

शनिवारी तिने मला पडवीतून आणलं, धुतलं, पुसलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. फोनवर व्हिडिओ बघत बघत तिने बोर्ड माझ्या आत बसवला, वायरी जोडल्या. मेमरीची पट्टी तेवढी राहिली. आप्पांनी जेवायला हाक मारली म्हणून ती हात धुवायला गेली.

तेव्हा शालन आली. या घरात नवी वस्तू कधी तशीच सुरू होत नसे. मिक्सर असो, स्कूटर असो, आधी अक्षता पडायची. सागर लहानपणापासून त्या बाबतीत हट्टी होता. शालनने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत कुंकवाने लाल केलेले तांदळाचे चार दाणे होते. तिने दाराकडे पाहिलं, दाणे माझ्यावर टाकले, हात जोडले. मग लगेच ते वेचून परत गाठीत बांधले. कुणाला दिसायला नको होते. पण एक दाणा मेमरीच्या खाचेच्या टोकाला, पट्टी धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या बुडाशी जाऊन बसला. तो तिला दिसला नाही. मला कळला. पण माझ्या स्पीकरची वायर कुणी जोडली नव्हती.

जेवून आल्यावर तेजलने मेमरीची पट्टी खाचेत दाबली. एका बाजूने खट् झालं. दुसऱ्या बाजूनेही झालं, असं तिला वाटलं. तिने बटण दाबलं. माझ्या आतला पंखा फिरला, दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

"पंखा फिरतोय की!" आप्पा म्हणाले. "म्हणजे झाला चालू."

"आप्पा, पंखाच हवा असता तर छताला आहे."

तिने पडद्याची वायर काढून घातली, प्लग बदलला, स्क्रू सैल करून पाहिले. पुन्हा बटण, पुन्हा पंखा, पुन्हा काळोख. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

रविवारी सकाळी सागरचा मित्र रितेश आला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मला बघितलं आणि तो हसला. "अगो, हा डबा अजून आहे? ह्यात कोंबडीनं अंडी घातली असतील."

"घातली असती तर तू आमलेट मागितलं असतंस," तेजल म्हणाली.

रितेशने स्वतःची वीजपेटी लावून पाहिली. दुसरा पडदा लावून पाहिला. शेवटी तो मान खाजवत म्हणाला, "बोर्ड गेला असणार. बदलून आणायला मुंबईला पाठवावा लागेल. उद्यापर्यंत काही होत नाही, तेजल."

तेजल उठली, आतून तिने सागरची प्रवासाची बॅग आणली आणि झटकून खाटेवर ठेवली. आप्पा अंगणात गेले. शालन बॅगेकडे बघत राहिली. कपड्यांची घडी घालायला तिने हात पुढे केला नाही.

रितेश बोर्ड काढायला वाकला. तेव्हा त्याला खालच्या कोपऱ्यात गुंडाळलेली दोन पदरी वायर दिसली.

"हा स्पीकर तू जोडलाच नाहीस?"

"व्हिडिओत नव्हता. नव्या डब्यांत हल्ली देत नाहीत म्हणे."

"पण हा डबा नवा आहे काय?" रितेश थांबला. "माझंही चुकलं. सागऱ्या असता तर त्याने पहिल्यांदा हेच केलं असतं."

त्याने वायर जोडली आणि बटण दाबलं. मी वाजलो. लांब, पुन्हा लांब, पुन्हा लांब. इतक्या वर्षांनी आवाज निघाला तो असा. आप्पा अंगणातून धावत आले.

"काय झाला? काय बोंबलतोय तो?"

"असं लांब लांब वाजला म्हणजे मेमरी दिसत नाही म्हणतोय," रितेश म्हणाला.

प्लग काढून तेजलने पट्टी बाहेर घेतली. खाचेत डोकावली. नारळाच्या हिराच्या केरसुणीची एक काडी मोडून तिने खटक्याच्या बुडाशी हलकेच फिरवली. दाबाने मोडलेला दाणा बाहेर आला. लाल होता.

तेजलने तो तळहातावर ठेवला. आप्पांनी दाण्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"मीच टाकली," शालन म्हणाली.

तिचा आवाज घोगरा झाला होता. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"त्याचं यंत्र. अक्षतेवाचून कसं लावायचं? त्यानं लावून दिलं नसतं."

"मग आई, मला सांगायचंस तरी."

"वर्ष सरलं नाय. सांगितलं असतं तर टाकू दिली असतीस?"

आप्पांनी अंगणाकडे एक नजर टाकली. "काशीला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "नायतर ती पुण्याहवाचनापासून सुरू करील."

तेजलने पट्टी परत बसवली. एकीकडे खट्. दुसरीकडे खट्. मग ती बाजूला सरली. "आई, ये. बटण तू दाब."

शालनने पदराला हात पुसले आणि बटण दाबलं. मी एकदाच वाजलो, थोडक्यात. पडदा उजळला.

"आता काय म्हणाला?" शालनने विचारलं.

"ठीक आहे म्हणाला, काकी," रितेश म्हणाला.

ती म्हणाली, "परत म्हणायला लाव."

रितेशने कॉम्प्युटर बंद केला, तिने पुन्हा बटण दाबलं. मी पुन्हा तेवढंच म्हणालो. त्या सकाळी तिने मला तीन-चारदा म्हणायला लावलं. रितेशने घाई केली नाही. बॅग आप्पांनी उचलून माळ्यावर टाकली.

आता तेजल माझ्याच शेजारी बसून काम करते. शालन अजून फार बोलत नाही. पण सकाळी बटण तीच दाबते, आणि मी वाजलो की चुलीकडे जाता जाता म्हणते, "बरा आहे तो." ते कुणाविषयी, हे मला कळत नाही. मी पत्रा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असतील. त्यांना ओलीत ठेवू नका, अधूनमधून धूळ पुसा, स्क्रूला तेलाचं बोट लावा. काही बंद पडलं तर ते मेलं असं लगेच म्हणू नका. आधी त्याला बोलता येईल असं करा, आणि मग कान द्या. आणि कधी मिरजोळ्याला आमच्याकडे आलात आणि माझी साफसफाई तुमच्या वाट्याला आली, तर माझ्या तळाशी उजव्या कोपऱ्यात मोडका लाल दाणा दिसेल. तेजलने तो तिथे चिकटपट्टीखाली ठेवला आहे. तेवढा झाडू नका.