बाईंची डुगडुगती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. कपाट करून उरलेल्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. घाईत एक पाय नखभर आखूड राहिला. तेव्हापासून माझं बोलणं एकच, टुक टुक, टुक टुक.

कितीतरी वर्षं मी वर्गाच्या कोपऱ्यात मोडक्या पट्ट्या सांभाळल्या. मग नव्या बाई आल्या. मोठी खुर्ची त्यांनी भिंतीला लावली आणि मला उचललं. मुलं लिहू लागली की बाई मला बाकाबाकाशी नेत, मुलाच्या खांद्याला खांदा लावून बसत. पानभर चुका असोत, बाई माझ्यावर डुलत डुलत आधी त्यातली जिवंत ओळ शोधत, ती हळूच वाचत आणि विचारत, “मग? पुढे काय?”

वर्गातल्या एका मुलीची अक्षरं ओळ सोडून भलतीकडेच चालत. सगळे तिला मुंगी म्हणत.

“ए मुंगी, अक्षरं साखर शोधायला निघाली का गं?” बाकावरची शेजारीण चिडवायची.

मुंगी लिहायची, खोडायची. एकदा मोठे गुरुजी दारातूनच म्हणाले, “बाई, आज हिचं अर्धं पान झालं नाही, तर उद्यापासून खालच्या वर्गात बसवा.”

मुंगीने पेन्सिल खाली ठेवली.

टुक टुक करत बाई तिच्याजवळ बसल्या.

“नाही जमत मला. जाते मी खालच्या वर्गात.”

“थांब गं बाळा, वाचू तर दे.”

खाडाखोडीत एकच ओळ उरली होती: ‘बाईना आवडल की खुरची गप होते.’

मित्रांनो, मी थक्क झाले! माझी टुकटुक साऱ्यांनी ऐकली होती. माझं गप्प होणं या एवढ्याशा जिवाने ऐकलं! बाईही जागच्या जागी थिजल्या. माझा आखूड पाय हवेतच राहिला.

“अगं, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं,” बाई हलकेच म्हणाल्या. “मग? पुढे काय?”

मुंगीने पेन्सिल उचलली. अक्षरं वाकडी चालली, पण चालली! अर्धं पान कधी ओलांडलं, तिलाही कळलं नाही.

“बाई, खुर्ची खरंच गप्प आहे!” शेजारीण कुजबुजली.

पुढे सुतार माझा पाय नीट करायला आला, तर मुंगी आडवी आली. “नको ना दादा! मग आम्हाला कळणार कसं?”

म्हणून मी अजून डुगडुगते. मित्रांनो, शेजारी कुणी अडखळत लिहीत असेल, तर आधी क्षणभर गप्प होऊन वाचा. चुका कुठे पळून जात नाहीत. खाली ठेवलेली पेन्सिल मात्र आपली आपण उठत नाही.